‘हम लोग’, चाळीस वर्षांनी, आईबरोबर

आई आता ८१ वर्षांची आहे आणि तिला हिंदी कळते. ‘हम लोग’ पुन्हा बघताना जे काही घडलं ते या एका गोष्टीमुळे घडलं, म्हणून आधी तेच लिहिते. १९८४ साली ही मालिका आम्ही पहिल्यांदा बघितली तेव्हा आईला हिंदी कळत नव्हती. चित्र ती टीव्हीवर बघायची आणि गोष्ट बाबांच्या तोंडून मराठीत ऐकायची.

बाबा शाळेत हिंदी शिकवायचे. राष्ट्रभाषेच्या ‘पंडित’ परीक्षेपर्यंत गेलेले, त्यामुळे हिंदीतलं कुठलंही पत्र, कुठलाही फॉर्म अडला की गाव आमच्या दारात यायचं.

गेल्या पावसाळ्यात आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि मी दोन महिने तिच्यापाशी राहिले. दिवसभर पाय उशीवर ठेवून पडून राहणं तिला जड जात होतं. भाच्याने मोबाइल टीव्हीला जोडून दिला आणि म्हणाला, “आजी, काय बघायचंय सांग.” आई म्हणाली, “ते तीन बहिणींचं लाव. थोरली, मधली, धाकटी.” त्याला काही उमगेना. मला लगेच कळलं. बडकी, मझली आणि छुटकी यांचं बारसं बाबांनी आमच्या घरात पहिल्याच आठवड्यात उरकलं होतं. आम्हीही तिघी बहिणीच. मी मधली.

ज्यांनी ही मालिका बघितलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ‘हम लोग’ दूरदर्शनवर ७ जुलै १९८४ ला सुरू झाली आणि १७ डिसेंबर १९८५ ला संपली. सतरा महिने, दीडशेहून अधिक भाग. लेखन मनोहर श्याम जोशी यांचं, दिग्दर्शन पी. कुमार वासुदेव यांचं. उत्तरेकडचं एक ओढगस्तीचं कुटुंब. बाप बसेसर राम दारू पितो. त्याची बायको भगवंती घर ओढते. फौजेतून निवृत्त झालेले कडक शिस्तीचे आजोबा, फटकळ आणि मायाळू आजी इमरती. थोरला मुलगा लल्लू नोकरीसाठी वणवण करतो, नन्हेला क्रिकेटपटू व्हायचं असतं. बडकीचं लग्न रखडलेलं, मझलीला सिनेमात जायचं आणि छुटकीला डॉक्टर व्हायचं. बस्स. ना खलनायक, ना कुणाची मालमत्ता लाटायचा कट. पैसे पुरत नाहीत आणि माणसं एकाच छपराखाली आहेत, एवढ्यावर सतरा महिने गोष्ट चालते.

या मालिकेचं मूळ मेक्सिकोत आहे आणि ते इथे आणणारा माणूस मराठी होता, हे मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. वर्ध्याचे खासदार वसंत साठे १९८० ते १९८२ या काळात केंद्रात माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री होते. मेक्सिकोत मिगेल साबिदो नावाच्या निर्मात्याने घरगुती मालिकांतून प्रौढ शिक्षण आणि कुटुंबनियोजन लोकांच्या गळी उतरवलं होतं. साठ्यांनी ते तिथे जाऊन पाहिलं आणि आपल्याकडेही व्हावं असं त्यांना वाटलं. साबिदोची पद्धत अशी की गोष्टीत काही पात्रं चांगल्या वाटेची ठेवायची, काही वाईट वाटेची, आणि काही दोहोंच्या मधे अडकून हळूहळू बदलणारी. प्रेक्षक आपापला माणूस शोधतो आणि त्याच्याबरोबर शिकतो. भगवंती यातली वाईट वाटेची. म्हणजे ती वाईट नव्हे, तिचं सोसणं वाईट. असं मुकाट सोसू नका, हे तिच्याकडे बघून बायकांनी शिकावं असा बेत होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमचं गाव पुण्या-मुंबईपासून लांब, घाटावरचं. १९८४ च्या त्या महिन्यांत देशभर रोज एक या हिशेबाने टीव्हीचे छोटे मनोरे उभे राहत होते, त्यातला एक आमच्या नशिबी आला. पण अशा छोट्या केंद्रावर दिसायचं ते उपग्रहावरून आलेलं दिल्लीचं. मुंबईची मावसभावंडं दूरदर्शनवरच्या मराठी कार्यक्रमांबद्दल बोलायची आणि आम्ही नुसते ऐकत राहायचो. आमच्या टीव्हीला मराठी येतच नव्हती. बाबांनी शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढून घेतलेला तो ब्लॅक अँड व्हाइट संच, लाकडी शटर असलेला, आणि त्यावर रात्री दिल्लीची हिंदी. आमच्या आळीत तो दुसराच टीव्ही. मालिकेच्या वेळेला पुढच्या खोलीत चौदा-पंधरा माणसं सहज असत, त्यात बायका जास्त. हिंदी समजणारी माणसं तीन-चार.

म्हणून बाबा भाषांतर करायचे. टीव्हीच्या उजव्या अंगाला लाकडी खुर्ची ठेवून, लोकांकडे तोंड करून अर्धवट वळून बसायचे. पात्राचं बोलून झालं की बाबांचं सुरू व्हायचं, दबक्या आवाजात, शिकवताना लागायचा तोच सूर. आमच्या खोलीत लोक दोनदा हसायचे. एकदा समजणारे, आणि मग दोन श्वासांनंतर बाकीचे. पुस्तकी हिंदी शिकवणाऱ्या बाबांना मालिकेतली बोलीभाषा सुरुवातीला अडायची, हेही मला तेव्हा दिसत होतं. एखादा शब्द आला की ते जरा थांबत, भुवया वर घेत आणि पुढच्या वाक्यावरून मागचं ओळखून सांगत. दुसऱ्या दिवशी शाळेत ते शब्द फळ्यावर येत.

तर आता पुन्हा बघणं. आधी वस्तू कशी आहे ते सांगते. भाग मला सलग मिळाले नाहीत. एका ठिकाणी थोडे, दुसऱ्या ठिकाणी थोडे, अनुक्रम पुढेमागे, आणि मधले काही शोधूनही सापडले नाहीत. जुन्या टेपवरून उतरवलेलं चित्र आहे, कडा पसरलेल्या, मधेच आडवी रेघ सरकत जाते. आवाजाच्या मागे सतत एक घुमणारा हुंकार आहे. पहिले दोन दिवस त्याने डोकं दुखलं, मग कानाला तो ऐकू येईनासा झाला. खाली अक्षरं येत नाहीत, म्हणजे हिंदी न कळणाऱ्या माणसाला आजही शेजारी एखादे बाबा बसवावे लागतील.

आणि मालिका रंगीत आहे! हे मला चाळीस वर्षांनी कळलं. आईने तर त्या घरातल्या सगळ्या बायकांच्या साड्यांचे रंग तेव्हा मनाशी ठरवून टाकले होते, आणि आता एकेक रंग वेगळा निघाला की ती हळहळायची. टेप जुनी असल्यामुळे हे रंग विटलेले आहेत, पण आहेत.

वेग संथ आहे. कॅमेरा एका चेहऱ्यावर थांबतो आणि थांबूनच राहतो. एक माणूस बोलतो, दुसरा ऐकतो, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा आपल्याला पुरेसा वेळ बघायला मिळतो. आजच्या मालिकांत एका थपडेनंतर सात चेहरे तीन-तीनदा दिसतात, ढोल वाजतात. इथे घरात चहाचा कप ठेवल्याचा आवाज येतो. पहिल्या चार-पाच भागांत तुम्हाला चुळबुळ होईल. मलाही झाली. सहाव्या-सातव्या भागाच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की मी पाठ टेकून बसलेली नाही, पुढे वाकून बसले आहे.

सुरुवातीच्या भागांबद्दल खरं ते सांगायला हवं. पहिले १३ भाग उपदेशाने जड झालेले आहेत. कुटुंबनियोजनाचा धडा पात्रांच्या तोंडी जसाच्या तसा येतो, आणि त्या वेळीही लोकांना तो रुचला नव्हता. प्रेक्षकांच्या तक्रारी गेल्या, आणि लेखकाने मग उपदेश आवरता घेऊन गोष्टीला वाट करून दिली. हे वळण आज सलग बघताना अगदी स्वच्छ दिसतं. माणसं धडा देणं सोडतात आणि एकमेकांशी भांडायला लागतात, आणि त्या भांडणांतून कितीतरी जास्त शिकायला मिळतं. म्हणून माझा सल्ला असा की पहिले तीन भाग बघा, माणसांची ओळख करून घ्या, मग थेट पंधराव्या-सोळाव्या भागाशी या. काही बिघडत नाही.

नटमंडळी बहुतेक दिल्लीच्या नाटकांतली, आणि ते त्यांच्या बोलण्यात ऐकू येतं. शब्द खाल्लेला नाही, श्वास चुकलेला नाही. सुषमा सेठ तेव्हा पन्नाशीच्याही अलीकडे होत्या आणि आजी झाल्या होत्या. दिव्या सेठ, म्हणजे मझली, ही त्यांची खरी मुलगी, मालिकेतली नात. हे मला आत्ता कळलं आणि मग मी दोघींचे प्रसंग मुद्दाम पुन्हा पाहिले. आजी नातीला झापते तेव्हा त्यात खऱ्या आईचा धाक आहे. दादीला कर्करोग झाल्याचं कथानक आलं तेव्हा सगळ्या देशातून पत्रं गेली होती, तिला मारू नका म्हणून. आमच्या आळीतूनही एक गेलं. ते बाबांनी लिहिलं आणि खाली सगळ्यांनी सह्या केल्या, ज्यांना सही येत नव्हती त्यांनी अंगठे उठवले. मालिकेला एकंदर चार लाखांवर पत्रं आली असं अभ्यासकांनी लिहून ठेवलं आहे. त्यातलं एक आमचं, एवढं मी ठामपणे सांगू शकते.

लहानपणी लल्लूचं मला काही वाटायचं नाही. आता राजेश पुरी यांचा लल्लू बघवत नाही, इतका तो खरा आहे. घरात येताना तो दारातच क्षणभर रेंगाळतो, आत कोण आहे याचा अंदाज घेतो, आणि मगच पाऊल टाकतो. नोकरी नसलेला माणूस स्वतःच्या घरात कसा शिरतो, हे ज्याने घरात बघितलं आहे त्यालाच कळेल. माझ्या नवऱ्याची गिरणी बंद झाली तेव्हाची दोन वर्षं मी अशी पावलं ऐकलेली आहेत.

बडकी झालेल्या सीमा पाहवा, तेव्हाच्या सीमा भार्गव, यांना तर आज सगळे ओळखतात. या मालिकेत टोनी झालेल्या मनोज पाहवांशी त्यांचं पुढे लग्न झालं, हेही अनेकांना माहीत असेल. पण आज त्यांना चित्रपटांत बघणाऱ्यांनी त्यांची बडकी एकदा बघावी. लग्न जमत नाही म्हणून ती रडत नाही. ती कामाला लागते, बाहेर पडते, स्त्रियांसाठी काम करते, आणि घरी आल्यावर लोकांच्या नजरेत पुन्हा न खपलेली मुलगी होते. डॉक्टर अश्विनीकुमारशी तिचं लग्न व्हावं की नाही यावर लोकांनी तिला पत्रांतून सल्ले दिले होते. आमच्या ताईचं तेव्हा स्थळं बघणं चालू होतं. बडकीच्या प्रसंगांना ताई उठून आत जायची, काही ना काही काम काढून. बाबा तेव्हा आवाज जरा चढवायचे, आतपर्यंत पोहोचावा म्हणून. हे मला आता आठवलं, पडद्यावर बडकी दिसली आणि कानात बाबांचा तो चढवलेला आवाज आला.

मझलीबद्दल माझी मालिकेवर नाराजी आहे आणि ती मी लपवणार नाही. तिला सिनेमात जायचं असतं, ती मुंबईला जाते, फसते, नको ते सोसते. मुलीने पाऊल वाकडं टाकलं की काय होतं, हे दाखवायला तिला वापरलं आहे. तेरा वर्षांची मी, घरातली मधली, आणि खोलीतल्या बायका माझ्याकडे वळून बघायच्या. मला गाण्याच्या स्पर्धेला जिल्ह्याच्या गावी जायचं होतं, एक रात्र मुक्कामाने. त्याच आठवड्यात मझलीची फसगत दाखवली गेली आणि माझं जाणं रद्द झालं. कुणी स्पष्ट काही म्हणालं नाही. आज बघताना दिसतं की दिव्या सेठ यांनी तिला नुसती उल्लू मुलगी केलेली नाही. त्या मुलीच्या डोळ्यांत भूक आहे, हुशारी आहे, घराबद्दलची लाज आहे. लेखकानेही पुढे तिला सावरून घेतलं आहे. पण तिला फसवणाऱ्यांना जेवढा जाब विचारायला हवा होता तेवढा विचारलेला नाही. चाळीस वर्षांनीही मला तसंच वाटलं.

आता भगवंती.

बसेसर राम पिऊन येतो आणि भगवंतीला घालून पाडून बोलतो, तिच्या माहेरचा उद्धार करतो, असे प्रसंग मालिकेत वारंवार येतात. विनोद नागपाल हे गळ्यात सूर असलेले नट, आणि त्यामुळे त्यांचा बसेसर नुसता आरडाओरडा करत नाही. तो लाडीगोडी लावतो, मधेच गुणगुणतो, आणि त्याच सुरात असं काही बोलतो की अंगावर काटा येतो. तसा पहिला प्रसंग लागला तेव्हा आई बघत होती. मग तिने मला हाताने थांबवायची खूण केली.

“एवढं बोलायचा तो?”

मी म्हटलं, हो, तेव्हाही एवढंच बोलायचा.

“यांनी कधी सांगितलं नाही.”

मी भाग मागे नेला. आईने पुन्हा ऐकलं. मग आणखी एका भागातला तसाच प्रसंग काढला. मला आठवत होतं की बाबा अशा वेळी दोनच शब्द सांगायचे, ‘रागावलाय तो’. कधी ‘पैशावरून बोलतोय’. पडद्यावरचं बोलणं मिनिटभर चालायचं आणि बाबांचं दोन शब्दांत संपायचं. मला वाटायचं त्यांना ते शब्द कळत नसावेत. शिव्या राष्ट्रभाषेच्या परीक्षेत थोड्याच येतात!

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आपल्याकडे कोण बसायचं ते आठव.”

दाराशी, उंबऱ्याला टेकून, शेजारच्या काकू बसायच्या. खोलीत जागा असली तरी तिथेच, कारण घरून हाक आली की लगेच उठता यायला हवं. त्यांचा नवरा प्यायचा. भिंतीला भिंत लागून घर, आम्हाला सगळं ऐकू यायचं, आणि आम्हाला ऐकू येतं हे त्यांना माहीत होतं. आमच्या आळीत त्यावर कुणीही कधीही एक शब्द काढला नाही. आणि तो सगळा प्रकार दिल्लीहून, उपग्रहावरून, आमच्याच खोलीत येऊन पडायचा, काकूंच्या समोर, चौदा-पंधरा माणसांच्या देखत. बाबा त्याचं मराठी करत नव्हते.

मी दोन दिवस याच विचारात होते. अभ्यासकांनी असं नोंदवलं आहे की भगवंतीकडे बघून बायकांनी जे शिकावं असं ठरवलं होतं त्याच्या उलट पुष्कळ जणींनी घेतलं. त्यांना ती आदर्श वाटली, सोशिक, घर टिकवणारी. मालिकेचा हा बेत फसला असं म्हणतात. आमच्या खोलीत तर तो पोहोचलाच नव्हता. ज्या बाईपर्यंत तो पोहोचायला हवा होता तिच्या आणि पडद्याच्या मधे माझे बाबा खुर्ची टाकून बसले होते. मला त्यांचा राग आला. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली, आणि मला त्यांचा नव्याने राग आला. मी आईला म्हटलं, “त्यांनी सांगायला हवं होतं. सगळं, शब्दन् शब्द. काकूंना कळलं असतं की हे चारचौघांत बोलता येतं, टीव्हीवर दाखवता येतं.”

आई म्हणाली, “तिला कळत नव्हतं का? तिला कशाला हवी हिंदी? तो आवाज ऐकूनच कळायचं तिला.” आणि जरा वेळाने, “यांनी मराठीत सांगितलं असतं ना, तर दुसऱ्या दिवशीपासून ती आली नसती. एवढा अर्धा तास तर तिचा होता.”

मला हे पूर्ण पटलेलं नाही. आई आणि मी यावर नंतरही दोनदा बोललो आणि दोन्ही वेळा तिथेच थांबलो. पण तेव्हापासून जयश्री अरोरांची भगवंती मी वेगळी बघते आहे. नवरा बोलत असताना त्या हातातलं काम थांबवत नाहीत, फक्त कामाचा वेग बदलतो. पीठ मळणं सावकाश होतं. पदर एकदाच नीट होतो. संवाद त्याचे आहेत, प्रसंग तिचा आहे. एका उपदेशपर मालिकेत, इतक्या कमी सामग्रीत, नटीने हे केलेलं आहे, आणि दूरदर्शनच्या त्या जुनाट टेपवर ते अजून शाबूत आहे. केवळ याच्यासाठीही ‘हम लोग’ बघावी असं मी सांगेन.

बाकी थोडक्यात. नन्हेचं क्रिकेटचं कथानक मला तेव्हाही कंटाळवाणं वाटायचं, आजही वाटलं. छुटकी, म्हणजे लवलीन मिश्रा, कमी वेळ असूनही छाप पाडते. अनिल विश्वास यांचं शीर्षकसंगीत चाळीसच्या दशकातल्या चित्रपटांची आठवण करून देतं, आणि ते सुरू झालं की आईचं जखमेकडचं लक्ष उडायचं. मधल्या जाहिराती आता नाहीत, याची मला चुटपुट लागली. दोन मिनिटांत होणाऱ्या मॅगीची ओळख देशाला या मालिकेने करून दिली. आमच्या गावच्या दुकानात पहिलं पाकीट आलं तेव्हा आई ते घड्याळ लावून शिजवायला बसली होती.

सलग बसून बघू नका, ही विनंती. रोज एक भाग, फार तर दोन, त्याहून जास्त नको. ही मालिका मधल्या रिकाम्या दिवसांसह लिहिलेली आहे. भाग संपल्यावर घरात त्यावर बोलणं व्हायचं, तो तिचाच एक हिस्सा होता. एका दुपारी आम्ही पाच भाग बघितले आणि संध्याकाळी कशाबद्दल बोलायचं तेच कळेना. कुणाबरोबर बघता आली तर उत्तम, आणि तुमच्याहून तीस वर्षांनी मोठं माणूस घरात असेल तर त्याच्याचबरोबर बघा.

आता अशोककुमार. प्रत्येक भागाच्या शेवटी ते येतात, घडलेल्या गोष्टीवर प्रेक्षकांशी बोलतात, ‘छन पकैया’ म्हणत एखादं कडवं टाकतात. पुढच्या भागांत तर ‘हम लोग’ हे शब्द ते आपल्या देशातल्या वेगवेगळ्या भाषांत म्हणून निरोप घ्यायचे. मराठीत याला काय म्हणायचं यावर आमच्या खोलीत एकदा वाद झाला होता. ताई म्हणाली, ‘आम्ही’. बाबा म्हणाले, “आम्ही म्हटलं की ऐकणारा बाहेर राहिला. ‘आपण’ म्हणा.” हिंदीला हा फरक करावा लागत नाही, आपल्याला करावा लागतो, हे मी त्या रात्री शिकले आणि पुढे मुलांना मराठी शिकवताना दरवर्षी सांगत आले.

पण अशोककुमारांचं बोलणं बाबा भाषांतरित करत नसत. त्यांचे ते लाडके नट. ते दिसले की बाबा खुर्ची पडद्याकडे फिरवायचे आणि स्वतःच ऐकत बसायचे, बाकी खोलीचा त्यांना विसर पडायचा. बायका तेवढ्यात उठून घरोघर जायच्या, आई स्वयंपाकघरात. ते गृहस्थ मालिकेचे मालक असावेत आणि आभार मानायला येत असावेत, असं आईला इतकी वर्षं वाटत होतं.

आता भाग संपला तरी ती रिमोट हातात घेऊ देत नाही. अशोककुमार येतात, मान किंचित तिरकी करतात, आणि यात चूक कुणाची, तुम्हाला काय वाटतं, अशा अर्थाचं काहीतरी विचारतात. परवा भगवंतीवरून विषय होता. आई उशीला रेलून नीट ऐकत होती. त्यांचा प्रश्न संपला तशी पडद्याकडे बघून म्हणाली, “नाही हो, तिचं नाही चुकलं. तिला जायला जागा कुठे होती?”